कडवु कुणी बुडवला?

१

"दिवसाला नऊ हजार माणसं यायची कडवुवर, आता दीडशे येतात, आणि ते सगळं माझ्या गळ्यात मारलंय," असं म्हणत डेल्ना माझ्या स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा मी पळंपोरीसाठी केळ्याचे काप पिठात बुडवत होते.

कडवु म्हणजे बोट लागते तो धक्का. पण आमच्या आलप्पुझात नुसतं कडवु म्हटलं की कुरुप माषांची वेबसाइट. कुठली बोट कुठल्या धक्क्यावरून किती वाजता सुटते, पूर आला तर कुठून वळते, रविवारी येते का नाही, सगळं त्यावर. चौसष्ट धक्के, प्रत्येकाचं एक पान. माष म्हणजे मास्तर. ते भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी हे मांडलं. पोरीबाळी परीक्षेला जाताना, बाया दवाखान्याला जाताना फोनवर सर्च करायच्या आणि पहिलं नाव कडवुचं यायचं. तीन वर्षं त्यातली पानं डेल्ना लिहीत होती. ती आमच्याच माडीवर भाड्यानं राहते.

"काढलं त्यांनी तुला?"

"काढलं. म्हणाले, तू चोरून लिंका विकत घेतल्यास, म्हणून सर्चवाल्यांनी साइटला शिक्षा केली. चेच्ची, मी घेतल्या नाहीत हो."

"मग रडतेस कशाला? खा हे."

"रडू नको तर काय करू? कोट्टयमच्या त्या प्रवासाच्या मासिकात माझं नोकरीचं जवळजवळ ठरलंय. ते शनिवारी अकरा वाजता माषांना फोन करणार आहेत, मुलगी कशी आहे म्हणून विचारायला."

आणि माष काय सांगणार, ते लहान पोरानंही ओळखलं असतं. त्या माणसानं उभ्या जन्मात खोटं बोललेलं नाही. त्याला जे खरं वाटतं ते तो सांगणारच. या धंद्यात एकदा का "हिच्यामुळं साइट गेली" असं नाव झालं, की संपलं. दुसरं कोण दारात उभं करणार?

मी मालन, मूळची विट्याकडची. नवऱ्याचं सोनं गाळायचं दुकान आहे मुल्लक्कलला. आम्हा गलाईवाल्यांना इथं सगळेच सेट्टू म्हणतात, म्हणजे मी सेट्टूची बायको. सव्वीस वर्षं मी मल्याळम बोलत होते, पण वाचता काही येत नव्हतं. मला अक्षरं शिकवली या पोरीनं, माझ्या ओट्यावर, सांडलेल्या पिठात बोट फिरवून. तिच्यावर कुणी आळ घेतलेला मला खपणार नव्हता.

गॅस बंद केला. "चल त्रेस्या चेडत्तीकडं," म्हटलं.

२

त्रेस्या चेडत्ती चंपक्कुळमच्या पोस्टमास्तरीण होत्या. थोरल्या बाईला इथं चेडत्ती म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, कानाला ऐकू कमी येतं पण नको ते सगळं येतं. गल्लीत कुणाची कोंबडी हरवो की लग्नाची पत्रिका, चेडत्ती शोधून देतात. त्यांचं एकच म्हणणं, "पत्र हरवत नसतं, कुठंतरी अडकलेलं असतं."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मला कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. माणसं दाखवा."

म्हणून पहिल्यांदा आम्ही दोघी माषांकडं गेलो. डेल्नाला घरीच ठेवली.

माष पडवीत आरामखुर्चीत बसले होते, तोंड एवढंसं झालेलं. समोर स्टुलावर लॅपटॉप. त्याच्या झाकणावर पिवळा वाळका ठिपका होता, मी पदरानं पुसायला गेले तर सुभद्राम्मा ओरडल्या, "राहू दे गं, चंदन आहे ते, पूजेचं." मी हात मागं घेतला. सुभद्राम्मा म्हणजे माषांची बायको, यांच्या अगदी उलट, सारखी हसणारी.

"बघा पोस्टमिस," माष म्हणाले, "मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण एका लिंका विकणाऱ्याची मेल आली होती. पाचशे साइटांवर तुमचं नाव लावतो, म्हणजे सर्चमध्ये वर याल, म्हणून. या मुलीनं उत्तर दिलं, 'कसं करता?' मी स्वतः वाचलं. असल्या लबाडीला सर्चवाले शिक्षा करतात. आणि महिन्याभरात माझा कडवु बुडाला."

"ती फक्त विचारत होती," मी म्हणाले.

"चोरही आधी कुलूपच विचारतो."

मला असा राग आला! पण चेडत्तींनी माझा हात दाबला. "माष, सर्चवाले शिक्षा करतात तेव्हा कळवत नाहीत का?"

"त्यांच्या दप्तरात साइटची नोंद केली असेल तर कळवतात. मी केली नाही. परक्याच्या दप्तरात आपलं नाव कशाला?"

"कसले हट्टी आहेत हो," सुभद्राम्मा चहा ठेवत म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट सांगू? नवमीचा दिवस. वह्यापुस्तकं पूजेला ठेवलेली, म्हणजे अक्षर वाचायचं नाही. मान्य. पण आम्हाला जायचं होतं माझ्या माहेरी कोट्टयमला, आणि यांनी बोटीवरची पाटीसुद्धा वाचली नाही! विचारायलाही लाज. उतरलो ते थेट कावालमला. नवी साडी, हातात हलव्याचं डबडं आणि मी धक्क्यावर भोकाड पसरलेलं."

आम्ही पोट धरून हसलो. माषांनाही थोडं हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. "शनिवारी फोन आला की मी खरं तेच सांगणार."

"सांगाच," चेडत्ती म्हणाल्या. "खरं तेवढंच सांगा."

बाहेर पडताना मी विचारलं, "काही कळलं का?" त्या म्हणाल्या, "हलवा कावालमला कुणी खाल्ला, तेवढं विचारायचं राहिलं."

३

गावात सगळ्यांचा संशय सजीवनवर होता. त्याच्या चार हाउसबोटी. दोनदा तो माषांकडं कडवु विकत मागायला गेला होता आणि दोनदा हात हलवत परत आला होता. आता आलप्पुझा बोट असं शोधलं की पहिलं नाव त्याचं यायचं. दुसऱ्याच्या साइटवर घाणेरड्या साइटांच्या लिंका सोडून तिला बदनाम करणारी माणसं असतात, असं डेल्नानंच आम्हाला सांगितलेलं.

सजीवन बोटीच्या पुढच्या टोकाला बसून करिमीन मासे साफ करून घेत होता. आम्हाला बघून उठला.

"या चेडत्ती! सेट्टूच्या वहिनी, या! मला पकडायला आलात ना? अहो, सगळं गाव माझ्याकडं असंच बघतंय."

"तू नाही केलंस?"

"माझं डोकं फिरलंय? त्यांच्याकडं येणाऱ्याला साडेसातची बोट हवी, माझ्याकडं येणाऱ्याला पलंग आणि मासा. त्यात मी काय चोरणार? उलट माझे पाहुणे धक्का शोधत यायचे ते कडवु बघूनच. काल एक जोडपं रस्ता चुकून थेट पुन्नप्राला पोचलं. शिव्या मी खाल्ल्या."

"आणि पहिलं नाव तुझं येतं ते?"

"पुढचा उठला की मागचा पुढं सरकतो. लाइनीत असंच असतं." मग तो जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, "एक सांगू का, ती पोरगी म्हणते ते मला पटतं. शिक्षा कशी असते ते मला माहीत आहे. मी खाल्लीय."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. मी घेतल्या होत्या लिंका, माझ्या अकलेनं. पहिल्या पानावरून नवव्या पानावर गेलो. पण मी होतो, चेडत्ती! माझं पूर्ण नाव टाकलं तर निदान दिसायचो, मास्तरांनी शेवटच्या बाकावर उभं केल्यासारखा. सहा महिने उभा होतो. कडवुचं तसं नाही. मी नाव टाकून बघितलं, धक्क्याचं नाव टाकून बघितलं, पंचवीस पानं उलटली. तो मागच्या बाकावर नाही. तो वर्गातच नाही."

चेडत्ती एकदम थांबल्या. करिमीनचा तुकडा बांधून देतो म्हणाला तो, त्याच्याकडंही त्यांनी बघितलं नाही.

४

"वर्गात नाही म्हणजे दोनच गोष्टी," वाटेत त्या म्हणाल्या. "नाव काढलं, नाहीतर येऊ नको म्हणून सांगितलं. किल्ल्या कुणाकुणाकडं आहेत त्या साइटच्या?"

घरी पोचल्यावर डेल्नानं सांगितलं, "दोघांकडंच. माष आणि त्यांचा भाचा रतीश, त्यानं ती बांधून दिली. माझ्याकडं तो मुख्य पासवर्ड नाही. मला फक्त पानं लिहायची मुभा होती, आतल्या खोलीत मी कधी गेलेच नाही."

रतीश शारजाला असतो. सुभद्राम्मांकडून नंबर घेऊन लावला. चेडत्ती फोनवर बोटीच्या भोंग्यासारख्या ओरडतात, त्यामुळं पलीकडचं आपोआप सगळ्यांना ऐकू येतं.

"मी? चेडत्ती, कडवु मी शेवटचा उघडला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते! मी आता एसी विकतो. जुनी किल्ली मी कधीच हरवली. गेल्या ओणमला नवी मागितली, तर माष अम्मावन म्हणाले, 'तू विकून टाकशील, देत नाही.'"

"विकली असतीस?"

"विकली असती," तो हसत म्हणाला. "पण ते देतायत कुठं?"

फोन ठेवला. मी म्हटलं, "आता काय? एक किल्लीवाला म्हणतो किल्लीच नाही, दुसरे स्वतः माष."

चेडत्तींनी डेल्नाकडं हात पसरला. "तुझ्याकडं काही लिहिलेलं आहे का गं? पोस्टात न पोचलेल्या पत्राचीसुद्धा नोंद असते."

डेल्ना माडीवर जाऊन निळी वही घेऊन आली. पोरगी म्हणजे पोरगीच! पानं गायब व्हायला लागल्यापासून ती रोज सकाळी चौसष्टच्या चौसष्ट धक्के स्वतः शोधून बघत होती आणि कुठलं पान कुठल्या दिवशी गेलं ते लिहीत होती. काढून टाकल्यावरसुद्धा.

चेडत्तींनी चष्मा लावला आणि बोट खाली सरकवत वाचायला लागल्या. आधी आलप्पुझाची मुख्य जेट्टी. मग नेडुमुडी, पुलिंकुन्नु, कावालम. आठवड्यानं लहान गावं. तीन आठवड्यांनी जिथं दिवसाला एखादीच बोट थांबते असे धक्के. वही संपताना सगळं गेलेलं, फक्त चार नावांपुढं 'आहे' असं लिहिलेलं.

"ही चार कुठली? कोच्चुतुरा म्हणजे तो पडका धक्का ना?"

"हो. तिथं बोट थांबायची बंद होऊन अकरा वर्षं झाली. माष पान काढू देत नाहीत, म्हणतात भूगोल आहे तो."

"म्हणजे गजबजलेली दारं आधी बंद झाली आणि मेलेली अजून उघडी आहेत." चेडत्ती वही मिटून म्हणाल्या, "मोळे, पोरी, ते सर्चवालं यंत्र पानं वाचायला येतं ना? रोज सगळीकडं जातं?"

"नाही अम्मच्ची. जिथं वर्दळ तिथं रोज. जिथं कुणी येत नाही तिथं महिन्या-दोन महिन्यांनी."

"आणि सगळ्यात पहिलं पान गेलं कधी?"

डेल्नानं वही उघडली. "विजयादशमीच्या सकाळी नव्हतं. त्याच्या आधी दोन दिवस मी घरी गेले होते, बघितलं नव्हतं."

चेडत्तींनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं.

"मालन, चोर सापडला. आणि त्यानं काही चोरलेलं नाही. उद्या शनिवार आहे, साडेदहाला सगळी माषांकडं जाऊ."

मी रात्रभर विचार करकरून थकले. मला काही केल्या कळेना.

५

माषांनी डेल्नाला बघून मान वळवली. ती पडवीच्या पायरीवरच बसली. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस.

"माष, आधी शिक्षेचं बोलू," चेडत्ती म्हणाल्या. "शिक्षा झाली असती तर सगळी पानं मागं ढकलली गेली असती, पण दिसली असती. सजीवनची दिसत होती. तुमची गेली, आणि एकेक करून गेली. कशी, ते पोस्टात ज्यानं काम केलंय त्याला लगेच कळेल. आमचा पोस्टमन बँकेत रोज जायचा, कोच्चुतुराला महिन्यातून एकदा. समजा एका दिवशी गावातल्या सगळ्या दारांवर पाटी लागली, 'पोस्टमन, आत येऊ नको.' बँकेचं टपाल दुसऱ्याच दिवशी थांबेल. कोच्चुतुराच्या दारावरची पाटी त्याला दिसायलाच महिना लागेल. ही वही बघा. तंतोतंत तसंच झालंय. कुणीतरी एका दिवसात चौसष्ट दारांवर पाटी लावली."

"कुणी?" माष ताडकन उठले. "नाव सांगा!"

"किल्लीवाल्यानं. रतीशला तुम्ही किल्ली दिली नाहीत. उरलं कोण?"

"म्हणजे मी? माझ्या हातानं मी माझा कडवु..."

"बसा. एक सोपा प्रश्न. अष्टमीला संध्याकाळी सरस्वतीपुढं काय काय ठेवलंत?"

"त्याचा इथं काय संबंध? नेहमीचंच. भूगोलाची पुस्तकं, नकाशे, शाईचं पेन, चष्मा, यंदा लॅपटॉप."

आमच्याकडं खंडेनवमीला मूस, चिमटा, काटा पुजतात, दुसऱ्या दिवशी लगेच भट्टी पेटते. इथं पुस्तक एकदा पूजेला ठेवलं की दशमीपर्यंत अक्षर वाचणं बंद, कडकडीत.

"तुम्ही स्वतः वाचत नाही, पाटीसुद्धा नाही," चेडत्ती हळू आवाजात म्हणाल्या. "मग कडवुचं काय केलंत? ते तर चौसष्ट पानांचं पुस्तक. नवमीला लोक वाचतात म्हणून तुमचा जीव तुटला असेल ना?"

माष उभेच राहिले. हात खुर्चीच्या पाठीवर.

"लोकांचं बंद करता येत नव्हतं," ते म्हणाले. "कुणाची बोट चुकली असती. पण आतल्या खोलीत एक चौकट होती. मी तिथलं सगळं मल्याळममध्ये करून घेतलंय. तिथं लिहिलं होतं, 'यंत्रांनी ही साइट वाचू नये अशी विनंती.' मला वाटलं, निदान यंत्राला तरी दोन दिवस वाचायला लावू नये. खूण केली आणि मग लॅपटॉप पूजेला ठेवला."

"आणि दशमीला काढली?"

"दशमीला..." त्यांनी सुभद्राम्मांकडं बघितलं.

"दशमीला सकाळपासून एक्केचाळीस पोरं आली होती हो यांच्याकडं अक्षर गिरवायला," सुभद्राम्मा म्हणाल्या. "एकेकाला मांडीवर घेऊन तांदळात हरिश्री लिहून घेत होते. एका पोरानं तर सगळं ताटच पालथं केलं. यांना जेवायची आठवण राहिली नाही, खूण कुठली राहणार? अहो, मला सांगायचं तरी!"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते! अजूनही हसतेय!" पण त्या हसत नव्हत्या, पदर डोळ्याला लावत होत्या.

आणि तेवढ्यात फोन वाजला. अकरा.

६

डेल्ना पायरीवरून उठली आणि अंगणात जाऊन पाठमोरी उभी राहिली. पोरीचे खांदे असे ताठले होते की मला बघवेना.

माषांनी फोन कानाला लावला. "हो, मीच बोलतोय. डेल्ना? हो, तीन वर्षं होती माझ्याकडं." "माझ्या साइटचं नुकसान झालं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. चूक माझी होती. मी आळ हिच्यावर घेतला आणि हिला काढलं. काढल्यावरसुद्धा ही रोज चौसष्ट धक्के तपासून लिहून ठेवत होती, म्हणून आज माझी चूक सापडली. तुम्ही हिला नेलंत तर माझं कायमचं नुकसान आहे." आणि जरा दमानं म्हणाले, "न्या."

मी मोठ्यानं रडले. लाज कसली त्यात.

माष आत गेले, बाहेर आले ते तांदळाचं ताट घेऊन. "मोळे, इकडं ये."

"माष, आज दशमी नाही," डेल्ना गडबडली.

"चूक सुधारायला मुहूर्त लागत नाही. मी एक्केचाळीस पोरांची बोटं धरली आणि स्वतः मात्र एक ओळ नीट वाचली नाही. माझं बोट धर."

तिनं धरलं. चौऱ्याहत्तरच्या चेडत्तींसमोर सत्तरीच्या माणसानं तेवीस वर्षांच्या पोरीच्या हाताखाली हरिश्री गिरवली. मग तेच बोट तसंच धरून तिनं लॅपटॉपवर नेलं, आतल्या खोलीत, त्या चौकटीवर. टक् झालं, खूण गेली. सुभद्राम्मांनी गुरुदक्षिणेचं विड्याचं पान आणि त्यावर नाणं माषांच्या हाती दिलं. ते त्यांनी डेल्नाच्या हातात ठेवलं आणि वाकले. ती "अय्यो माष!" म्हणत मागं सरकली ती थेट माझ्या अंगावर.

चेडत्ती म्हणाल्या, "झालं? आता मला सांगा, तो हलवा कावालमला कुणी खाल्ला?"

"बोटीच्या ड्रायव्हरनं," माष म्हणाले.

तीन दिवसांत मुख्य जेट्टी परत आली, मग नेडुमुडी, मग पुलिंकुन्नु, गेली होती त्याच क्रमानं. सजीवन पुन्हा दुसऱ्या नंबरवर गेला आणि त्या आनंदात आम्हाला करिमीन पाठवला. कोच्चुतुराच्या पानाला यातलं काहीच कळलं नाही. यंत्र तिथं पोचायच्या आत पाटी निघालीसुद्धा होती.

नंतरच्या एका सोमवारी डेल्ना कोट्टयमला निघाली. धक्क्यावर उभं राहून तिनं फोनवर बोट शोधली, आम्हा सगळ्यांना दाखवली. पहिलं नाव कडवु, साडेसात. बोट लागली तेव्हा माष गर्दीतून पुढं झाले, चष्मा नाकावर बसवला आणि पाटीवरचं एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "को-ट्ट-यम." मग मागं वळून म्हणाले, "हीच आहे. बस मोळे."